मोजमाप पुस्तिकेतलं माझं अक्षर

आधी एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे मला अजूनही मनात हिशेब करून ठरवावं लागतं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख देते म्हटल्यावर रूममेट्स किती हसल्या ते इथे लिहीत नाही. शुद्धलेखन संपादक मंडळ बघून घेईलच. पण हा विषय इंग्रजीत लिहिताच येईना. 'ठराव', 'बिलो', 'साहेबांची सही राहिलीय', 'मार्चच्या आत बसवून टाकू' याला इंग्रजीत काय म्हणणार?

विषय आहे नगरपालिका. आपल्या कट्ट्यावर हा विषय निघाला की पाच मिनिटांत संपतो. कुणीतरी म्हणतं, "सगळे चोर आहेत यार, टक्केवारी चालते." झालं! चहा संपला, चर्चा संपली, पुढचा तासभर क्रिकेट. मीही तेच म्हणायचे. टक्केवारी नसते असं मला म्हणायचं नाही, मी इतकीही भोळी नाही. पण 'सगळे चोर' म्हणण्याची एक गंमत असते मित्रांनो. ते म्हटलं की आपण त्यात नाही, हे आपोआप ठरून जातं. मी त्यात होते. कशी, ते सांगते.

आमचं गाव चाळीस हजारांच्या आतलं, म्हणजे 'क' वर्ग नगरपरिषद. (लोक नगरपालिकाच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) माझा मामा नगरपालिकेची कामं घेतो. गटारं, काँक्रीटच्या गल्ल्या, शाळेच्या भिंती. माझ्या पहिल्या वर्षाची फी भरताना बाबांना कमी पडले तेव्हा मामानेच दिले होते. तर २०२५ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर, मामा म्हणाला, "सिव्हिलला आहेस ना? मग चल, माझ्याकडे ट्रेनिंग कर." मी खूश! हेल्मेट घालून साइटवर फोटो काढता येतील, एवढीच माझी तेव्हाची समज.

काम होतं माझ्या आजीच्याच गल्लीचं. २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद काँक्रीट रस्ता. अंदाजपत्रकात बाबी अशा: जुना रस्ता आणि माती मिळून २५ सेंटिमीटर खोदकाम, त्यावर १० सेंटिमीटर साधं काँक्रीट, त्यावर १५ सेंटिमीटर एम-२०. म्हणजे जेवढं खोदायचं तेवढंच भरायचं, रस्त्याची पातळी होती तिथेच राहायची. कागदावर इतकं सुंदर काम की सरांनी जर्नलवर 'गुड' लिहावं.

साइटवर मी एकूण चार दिवस गेले. ऊन फार होतं, हे माझं कारण. बाकीचे दिवस मामाच्या ऑफिसात पंख्याखाली बसून कागद केले. नगरपालिकेला द्यायची पत्रं इंग्रजीत टाइप केली (मामा सगळ्यांना सांगायचा, "भाची कॉन्व्हेंटची आहे"), आणि बिलासाठी मोजमापं लिहून दिली. मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात ती, खरं तर नगरपालिकेच्या अभियंत्याने स्वतः जागेवर जाऊन, मोजून भरायची असते. बिल तिच्यावरच निघतं. पण आमच्या नगरपालिकेत अभियंता एकच. त्याच्याकडे पाणीपुरवठा, बांधकाम परवानग्या, घरकुल, स्वच्छ सर्वेक्षणाचे फोटो आणि वरून आठवड्याला दोन मीटिंगा. तो म्हणाला, "मॅडमचं अक्षर चांगलं आहे, त्यांनाच लिहू द्या, मी सही करतो." मॅडम म्हणजे मी! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं. मी टिपटॉप अक्षरात लिहिलं: खोदकाम, २०० गुणिले ३ गुणिले ०.२५, बरोबर १५० घनमीटर.

हे ०.२५ मी कुठून आणलं? अंदाजपत्रकातून. टेप हातात घेतली नाही. आपण प्रॅक्टिकलची रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवतो ना, अगदी तसंच. हात त्याच सवयीने चालला.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि आजीच्या घरात पाणी शिरलं. त्या घरात याआधी कधी पाणी आलेलं नव्हतं. जमिनीवरचं धान्याचं पोतं भिजलं, आजोबांच्या फोटोखालची पेटी भिजली. रस्ता आता तिच्या उंबऱ्याच्या वर होता, जवळजवळ वीतभर. खोदकाम झालंच नव्हतं. जुन्या रस्त्यावर नवा रस्ता चढवला होता. तुमच्यापैकी जे लहान गावांतून आलेत त्यांनी आपापली गल्ली आठवून बघा. किती घरांचे ओटे दर पाच-सात वर्षांनी बुटके होत गेले आहेत?

आजीला मी फोनवर म्हटलं, "पण आजी, खोदकाम झालंय, मी स्वतः लिहिलंय." ती म्हणाली, "अगं, मी दिवसभर ओट्यावर असते. मातीचा एक ट्रॅक्टर गेला नाही गल्लीतून."

मी गप्प. मग हॉस्टेलवर बसून हिशेब केला. १५० घनमीटर म्हणजे सुमारे ५३ ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माती बसते. म्हणजे पन्नासच्या वर ट्रॅक्टर त्या अरुंद गल्लीतून, आजीच्या नाकासमोरून जायला हवे होते. दुसरी पास आजीने जे तपासलं ते सेकंड इयर सिव्हिलच्या विद्यार्थिनीने तपासलं नव्हतं.

आता माझा मुद्दा. आपण सगळं लक्ष निविदेवर ठेवतो. कुणाला टेंडर मिळालं, कुणाचा मेहुणा आहे, रिंग झाली का. वर्तमानपत्रं तेच छापतात, विरोधी नगरसेवक तेच ओरडतात. आणि तिथे नियमही पुष्कळ आहेत. नगरपरिषदांचा कायदा १९६५ सालचा. त्यात नगरसेवकाला परिषदेच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध ठेवता येत नाही, ठेवला तर पद जाऊ शकतं. (म्हणूनच तर मेहुणे!) मोठ्या कामांना ई-निविदा आहे. पण निविदेत फक्त वचन दिलं जातं. काम झालं की नाही हे ठरतं नंतर, एमबी नावाच्या एका वहीत, जिच्याकडे कुणी बघत नाही. चोरी म्हणा, आळस म्हणा, नाइलाज म्हणा, सगळं तिथे घडतं. आणि त्या वहीवर सही कुणाची? पुढाऱ्याची नाही. इंजिनीअरची. म्हणजे आपली, अजून दोन-चार वर्षांनी.

क्यूब टेस्टचंही तेच. आयएस ४५६ प्रमाणे ९० घनमीटर काँक्रीटला किमान पाच नमुने, प्रत्येकी तीन, असे पंधरा क्यूब्ज लागतात. आमच्या फाइलमध्ये सहाचा रिपोर्ट होता, सगळे पास. आणि का नाही होणार? क्यूब्ज प्रयोगशाळेत नेऊन देतो ठेकेदारच. प्रयोगशाळा आणलेला ठोकळा दाबून बघते, आणि 'नमुना संबंधितांनी आणून दिला' असं रिपोर्टवर प्रामाणिकपणे लिहिते. ठोकळा त्या रस्त्याचा आहे की वेगळं, मालदार मिक्सर लावून केलेला, हे मशीन कसं सांगणार? आपल्यासारख्या कॉलेजांच्या लॅबमध्येही असे क्यूब्ज येतात. यापुढे येतील तेव्हा एकदा निरखून बघा. कडा किती सुबक असतात!

मामाशी भांडले. त्यावर तो जे बोलला तेही लिहायला हवं, नाहीतर माझा लेख एकतर्फी होईल. मामाने हे काम २२ टक्के बिलो घेतलं होतं, म्हणजे अंदाजपत्रकी दरापेक्षा २२ टक्के कमी. "वीस भरले असते तर काम दुसऱ्याला गेलं असतं. मग पोरांना बसवून पगार देऊ? आधीच्या गटाराचं बिल चौदा महिन्यांनी निघालं, तोवर व्याजाने पैसे आणून सिमेंटवाल्याला दिले. सिमेंट कमी घातलं असतं तर रस्ता फुटला असता, माझं नाव गेलं असतं. मी काँक्रीट पूर्ण घातलंय. खोदकाम सोडलं, कारण ते दिसत नाही." मी विचारलं, "आणि वाटप?" तो म्हणाला, "ते तुला कशाला हवंय?" एवढंच.

मामा खलनायक नाही, हे मी भाची म्हणून म्हणत नाहीये. (थोडं म्हणत असेन.) ठेकेदार म्हटला की चोर, हे समीकरण मला पटत नाही. जोतीराव फुले स्वतः ठेकेदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा व्यवसाय जोडलेला होता. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये उधळायला त्या सभेत त्यांनी विरोध केला होता. बांधकाम खात्यात हिशेब कसे फिरतात, यावर त्यांनी लिहिलंही. धंदा आतून माहीत असलेला माणूस त्याच धंद्याबद्दल स्पष्ट बोलू शकतो, हे आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी घडून गेलंय. आमच्या कॉन्व्हेंटच्या इतिहासात फुले होते, पण त्यांचं हे ठेकेदारपण मला इथे लायब्ररीत वाचून कळलं.

खरा प्रश्न मला सगळ्यात कमी दराचा वाटतो. २२ टक्के बिलो आला की नगरपालिका म्हणते, आम्ही जनतेचे पैसे वाचवले. फार खाली दर भरला तर जादा अनामत घेण्याची पद्धत आहे, पण अनामत घेतल्याने माती उचलली जात नाही. दरसूचीप्रमाणे शंभर लागतात असं तुमचंच अंदाजपत्रक म्हणत असेल आणि कुणी अठ्ठ्याहत्तरमध्ये करतो म्हणत असेल, तर दोनच शक्यता. एक तर अंदाजपत्रक फुगवलेलं, नाहीतर बावीस टक्के काम होणार नाही. यातलं कुठलं, हे सभेत विचारायला काय हरकत आहे? कचऱ्याच्या ठेक्यात तर हे आणखी भीषण होतं. डिझेलचा भाव ठेकेदाराला कमी करता येत नाही, टायरचा नाही. कमी करता येते फक्त झाडणाऱ्या बाईची मजुरी. आणि मोजण्याचा घोळ तिथेही आहेच. वजनावर पैसे दिले तर गाडीत माती भरतात, खेपेवर दिले तर अर्धी गाडी फिरवतात.

मग चांगली नगरपालिका असूच शकत नाही का? असं मीही वैतागून म्हणत होते. पण कराडजवळचं मलकापूर घ्या. तीसेक हजारांचं गाव. त्यांनी पंधरा वर्षांहून आधी, नगरपंचायत असताना, चोवीस तास पाणी दिलं, जे अजून मोठमोठ्या शहरांना जमत नाही. कसं? घरोघरी मीटर बसवले, जास्त वापराला चढा दर लावला. म्हणजे आधी मोजायला लागले. कोकणात वेंगुर्ला, बारा-तेरा हजारांचं. तिथे कचरा घरातच वेगवेगळा करून घ्यायला लागले, प्लॅस्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यात वापरले, आणि डंपिंग ग्राउंडची अशी जागा केली की लोक ती बघायला जातात. तिथेही कायदा १९६५ चाच, निवडणुका तशाच, मुख्याधिकारी सरकारनेच पाठवलेला. त्यामुळे 'सिस्टिमच तशी आहे' हे वाक्य मी तरी आता वापरत नाही.

अडचणी आहेत, कबूल. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाण्यापासून स्मशानभूमीपर्यंत अठरा विषय नगरपालिकांच्या यादीत टाकले, पण त्यासोबत माणसं आणि पैसा कुठे आला? घरपट्टी वाढवायला कुणी नगरसेवक तयार नाही. पैसा बहुतेक वरून येतो, आणि येताना कशावर खर्च करायचा ते बऱ्याचदा ठरवून येतो. रस्त्याच्या हेडखाली आला की रस्ता, मग गरज नाली साफ करायची असली तरी. आणि खर्च मार्चच्या आत. आमच्या गावात २०२१-२२ नंतर तर सभाच नव्हती. ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकचेरीत राज्यभर निवडणुका अडकल्या, प्रशासक आले, मतदान थेट डिसेंबर २०२५ मध्ये झालं. पुढारी नसले की कामं स्वच्छ होतात असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. आजीच्या गल्लीचा रस्ता प्रशासकाच्या काळातलाच आहे, एवढंच सांगते.

आजीच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. पाणी त्यांच्याही घरात शिरलं होतं. त्यांनी जुलैत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांत उत्तर नाही. मग वीस रुपयांचं पहिलं अपील. शेवटी पानाला दोन रुपये भरून एमबीची झेरॉक्स मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत मी आजीकडे गेले तर गुरुजी ती पानं घेऊन आले. "बाळ, तू इंजिनीअर होतेस ना? हे जरा वाचून सांग. अक्षर छान आहे, पण ही गणितं आम्हाला समजत नाहीत."

माझंच अक्षर होतं. खाली अभियंत्याची सही.

आजी चहा टाकत होती. मामा त्या दिवशी जेवायला येणार होता. माझ्या मनात काय काय आलं ते सगळं लिहिणार नाही. एवढं कबूल करते की 'गुरुजी, हे टेक्निकल असतं' हे वाक्य ओठांवर आलं होतं. आपली किती सोय करतो ना हा टेक्निकल शब्द! पण गुरुजींनी चष्मा पुसून पेन्सिल काढली होती, लिहून घ्यायला. मग मी सांगितलं. हे खोदकाम, हे ०.२५ म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, हे झालेलं नाही. आणि हे मी लिहिलंय. गुरुजींनी वर बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहिताना मोजलं होतंस का?" शाळेतल्या सिस्टरने छडी मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना तक्रार दिली. माझं नाव घातलं नाही. मी घाला म्हटलं होतं, की मनापासून म्हटलं नव्हतं, मला आता नीट सांगता येणार नाही.

या निमित्ताने एक सुचवते, पटलं तर बघा. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक संस्थांनी बरीच माहिती आपणहून जाहीर करायची आहे. मग एमबीचं पान बिल निघायच्या आधी गल्लीतच का लावू नये? गल्लीत खांब असतो, मारुतीचं देऊळ असतं. खोदकाम इतकं, काँक्रीट इतकं, साध्या मराठीत. ज्यांच्या दारात काम झालं त्यांना ब्रास कळतो, ट्रॅक्टर मोजता येतात. आणि आपल्या कॉलेजने साइट व्हिजिटच्या नावाखाली बसमधून धरणं दाखवण्यापेक्षा आम्हाला आसपासच्या नगरपालिकेच्या एका चालू कामावर टेप आणि लेव्हल घेऊन पाठवावं. लेव्हल मशीन लॅबच्या कपाटात आहेच. परीक्षेच्या आधी तिला हात लागतो आणि मग पुन्हा कपाट.

निवडणूक झाली. प्रचारात आजीच्या गल्लीत प्रत्येक उमेदवाराने येऊन तो उंबरा बघितला, एकाने तर वाकून नमस्कारही केला. निवडून आलेल्या पहिल्या सभेत ठरावही झाला. रस्ता खाली घेण्याचा नाही, तर पाणी जायला गल्लीच्या कडेने आरसीसी नाली बांधण्याचा! म्हणजे न झालेल्या खोदकामामुळे आता एक नवीन काम, नवीन अंदाजपत्रक, नवीन निविदा. गुरुजींनी अंदाजपत्रकाची झेरॉक्स मला पाठवली आहे. पहिली बाब: खोदकाम. मी त्यांना कळवलंय की काम सुरू झालं की चार दिवस रजा काढून येते, टेप माझी मी आणते. मामाने या निविदेत दर भरलाय का, हे अजून विचारलेलं नाही.

(तृतीय वर्ष, स्थापत्य)